गार दिवा

हेमांगी चौगुले एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं पुढं यावं आणि सांगावं. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. भट्टी तापत असली की ही भट्टीभोवती येरझाऱ्या घालणार, भट्टी निवत असली की खिडकीशी उभी राहून नखं खाणार. आणि कामही असं मिळालं होतं की निम्मा दिवस वाट बघण्यातच जावा. देवाला अशा जोड्या जुळवायची भारी हौस.

त्या सकाळी मात्र ती मीटरसमोरून हलली नाही.

"सन्मती, इकडं ये. आधी चहा खाली ठेव."

सन्मती मगदूम आला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशिनांच्या गोंगाटात एक शेड भाड्यानं घेऊन या दोघांनी छोटीशी कंपनी काढली होती. पीएच.डी. एकाच गाइडकडे, त्यामुळं भांडणंही जुनीच. सन्मती पैसे आणायचा, परवाने आणायचा, लोकांशी गोड बोलायचा. हेमांगी नलिका उगवायची.

हो, उगवायची. सिलिकॉनच्या नखाएवढ्या पट्टीवर लोखंडाचा डोळ्याला न दिसणारा थर द्यायचा. पट्टी एका काचनळीतून भट्टीत सरकवायची, आतली हवा काढून टाकायची आणि भट्टी लालभडक करायची. लोखंडाचा थर फुटून त्याचे बारीक थेंब होतात. मग कापराची वाफ आत सोडायची. कापूर म्हणजे आपला साधा कापूरच, त्यात कार्बन भरपूर असतो. त्या धगीत कापराचा रेणू तुटतो, कार्बन लोखंडाच्या थेंबात मुरतो, आणि थेंबाचं पोट भरलं की सोऱ्यातून शेव पडावी तसा बाहेर पडतो. फक्त ही शेव आतून पोकळ आणि केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. अशा कोट्यवधी नलिका दाटीवाटीनं उभ्या राहिल्या की पट्टीवर काळी मखमल आल्यासारखी दिसते.

या मखमलीचा उपयोग काय? एक्सरेच्या जुन्या नळीत एक तार तापवून लाल करावी लागते, तेव्हा कुठं तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. धातूत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनपुढं एक भिंत असते. उष्णता दिली की त्याला ती ओलांडायचा दम येतो. नलिकेला तापवावं लागत नाही. तिचं टोक इतकं अणकुचीदार की समोर जरासं व्होल्टेज लावलं तरी सगळा जोर त्या टोकाशी एकवटतो आणि भिंत पापडाइतकी पातळ होते. मग इलेक्ट्रॉन उडी मारतच नाही, भिंतीतूनच आरपार निघून येतो. ऐकायला ही थाप वाटते, पण इलेक्ट्रॉनच्या मुलखात कायदाच तसा आहे. त्या इलेक्ट्रॉनांना पुढं जोरात फेकून एका धातूवर आदळवलं की एक्सरे निघतात. तार नाही, धग नाही, तापायची वाट बघणं नाही. उद्यमनगरातल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं गार दिवा.

दिवा अजून झालेलाच नव्हता, ती गोष्ट वेगळी. भिंत पुरेशी पातळ व्हायला व्होल्टेज फार लागायचं आणि तेवढं दिलं की नलिकांची टोकं जळून जायची. दोघं त्या एकाच जागी अडकून बसले होते, आणि घरचे विचारायचे थांबले होते.

"निम्म्याहून कमी व्होल्टेजला प्रवाह आलाय," हेमांगी म्हणाली. "आणि टोकं शाबूत आहेत."

"मीटर खराब असेल."

"तीन मीटर लावून बघितले."

सन्मतीनं चहाचा कप चुकून भट्टीवरच ठेवला. "मग काय वेगळं केलंस?"

"काही नाही रे! तीच पट्टी, तोच कापूर, तीच..." ती बोलता बोलता थांबली. "परवा खंडेनवमी होती."

खंडेनवमीला उद्यमनगरात एकही मशीन चालत नाही. लेथ असो, ड्रिल असो, वजनकाटा असो, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ आणि दिवसभर सुट्टी. हेमांगीनंही भट्टीची पूजा केली होती. आईनं डबीत घरचं कुंकू दिलं होतं, तेच तिनं भट्टीला लावलं, मीटरला लावलं, आणि उत्साहाच्या भरात, दुसऱ्या दिवशीसाठी मांडून ठेवलेल्या पट्ट्यांवरही दोन चिमटी उधळली. नंतर जीभ चावली, फुंकर मारली, आणि विसरून गेली. दसऱ्याला त्याच पट्ट्या भट्टीत गेल्या.

तपासणीत कॅल्शियम निघालं. आईचं कुंकू बाजारच्या रंगाचं नव्हतं, हळदीत चुना घालून केलेलं होतं. हळद जळून गेली, चुना उरला, आणि नलिकांच्या टोकांवर त्याचा अगदी पातळ लेप बसला. चुन्याचा गुण असा की तो ती भिंतच बुटकी करतो. म्हणजे भिंत आधी बुटकी, वर पापडाइतकी पातळ. आता इलेक्ट्रॉनला अडवणार कोण? आता सांगा, जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत ही चूक झाली असती?

सन्मती हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "शोधनिबंधात काय लिहायचं? कुंकू?"

"चुना लिही."

"लोक म्हणतील, कोल्हापूरकरांनी जगाला चुना लावला."

त्या दिवशी घरी जाऊन तिनं आईच्या पायावर डोकं ठेवलं. आईला काहीच कळलं नाही. दादाला थोडंफार कळलं, आणि त्यानं सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

दादा म्हणजे रावसो चौगुले. हेमांगीपेक्षा बराच मोठा, फौंड्रीत मोल्डर. वाळूचा साचा दाबून बसवायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, निवल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचं, हे त्याचं काम. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता आणि पेठेच्या फुटबॉल टीमचा हाफबॅक होता. शाळा सुटली, फुटबॉलही सुटला, हेमांगीची शाळा मात्र चालू राहिली. यावर घरात कधी कुणी बोललं नाही. घरी हेमांगी अजूनही कोल्हापुरी पोरींसारखी "येतो दादा", "जातो दादा" असंच म्हणायची, आणि विद्यापीठातल्या मैत्रिणी हसल्या तरी तिनं ते बदललं नाही.

*

दिवा झाला. विळ्यासारख्या वाकड्या नळीत पट्ट्यांची ओळ. एकेक पट्टी पाळीपाळीनं पेटते आणि विझते, म्हणजे छाती एका श्वासात अनेक बाजूंनी बघून होते. कॉम्प्युटर त्यातून काकडीच्या चकत्या कराव्यात तशा छातीच्या चकत्या करून दाखवतो. जुन्या एक्सरेत बरगडीमागं लपणारा तिळाएवढा डागसुद्धा यात सुटत नाही. सगळा ऐवज एका बॅटरीवर चालणारा, स्कूटरच्या पुढं ठेवता येणारा. दीडेक वर्षात गावोगावच्या आशा सेविका तो घेऊन वाड्यावस्त्यांवर जायला लागल्या. खोकला सुरू व्हायच्या आधी क्षय सापडायला लागला. हेमांगीला वाटलं, आता तरी पायाची भिंगरी थांबेल.

पण ती थांबली नाही, कारण मधे फौंड्री आली.

दादाच्याच फौंड्रीचे मालक धैर्यशीलराव इंगवले. त्यांनी पहिला दिवा घेतला तो कास्टिंग तपासायला. कास्टिंगच्या पोटात हवेची पोकळी राहते, बारीक भेग राहते, वरून दिसत नाही. गार दिव्यात सगळं दिसायला लागलं. दादा तर हवेतच होता. "माझ्या भणीचा दिवा हाय, नीट हात लावा," असं तो सगळ्यांना दटावायचा.

मग एक दिवस धैर्यशीलराव स्वतः शेडमध्ये आले. माणूस सभ्य. आवाज कधी चढायचा नाही, चहाला नाही म्हणायचा नाही.

"मॅडम, आमच्या गेटवर एक दिवा बसवायचाय. माणसांसाठी. तो चालला, तर ओळखीच्या सगळ्या फौंड्र्यांसाठी ऑर्डर."

"उत्तम!" सन्मती म्हणाला.

"नव्या वर्षाचे करार व्हायच्या आधी सगळ्यांची तपासणी. वाळूचा धंदा आहे आमचा, छातीत धूळ बसते. ज्याच्या छातीत डाग, त्याचा करार पुढं चालवायचा नाही."

"उपचार..." हेमांगी म्हणाली.

"त्याचे तो करेल की. मॅडम, भेग असलेलं कास्टिंग आपण गिऱ्हाइकाकडं पाठवतो का? बाजूला काढतो. त्यातलंच हे. पूर्वी माणूस आडवा पडल्यावर कळायचं, मग कोर्टकचेरी, भरपाई. आता आधीच कळेल. त्रास नाही, ना त्याला ना आम्हाला."

हेमांगीच्या डोक्यात तो हिशेब उलगडायला थोडा वेळ लागला. डाग दिसेल, पण माणूस अजून धडधाकट असेल. धडधाकट माणसाला भरपाई कुठली? करार संपला, घरी जा. चारसहा वर्षांनी दम लागायला लागेल, तेव्हा रोग फौंड्रीचा असेल, पण माणूस फौंड्रीचा नसेल. आणि हे सगळं जमणार होतं कशामुळं, तर तिच्या दिव्याला रोग फार लवकर दिसतो म्हणून.

"कास्टिंग परत वितळवता येतं, साहेब," ती म्हणाली.

धैर्यशीलराव हसले. "तुम्ही शास्त्रज्ञ. तुमचं बोलणं वेगळंच असतं."

ते गेल्यावर दोघांचं कडाक्याचं वाजलं. सन्मतीचं म्हणणं, ही ऑर्डर आली तर पुढचे शंभर दिवे गावांत पाठवता येतील, आणि आपण नाही म्हटलं तर तो दुसऱ्याकडून घेईल, चुन्याची युक्ती तर शोधनिबंधात छापलेलीच आहे. हेमांगीला त्यातलं एकही वाक्य खोडता येईना. तिला त्याचाच जास्त राग आला, पण शेवटी ऑर्डर घ्यायचं ठरलं.

आणि त्या रागाखाली एक वेगळीच गोष्ट तिला पोखरायला लागली. दादा गेली अठ्ठावीस वर्षं त्या वाळूत उभा होता.

*

दादा रविवारी डबा घेऊन शेडवर आला. वहिनीनं पाठवलेली आंबोळी होती. शेडच्या माळ्यावर चढायला जिन्याच्या अकराच पायऱ्या, पण वर आल्यावर तो दारात उगाच थांबला आणि झेंडूच्या वाळक्या माळेकडं बघत राहिला. पेठेच्या टीमचा हाफबॅक!

"दादा, जरा दिव्यासमोर उभा राहतोस? नळी नवी बसवलीय. बघायचंय चालते का."

"ह्यो काय, उभा राह्यलो. शर्ट काढू?"

"नको. श्वास धर फक्त."

तिनं विचारलं ते नळीबद्दल, बघितलं ते दुसरंच. स्क्रीनवर छातीच्या चकत्या एकामागून एक आल्या. फुफ्फुसाच्या वरच्या भागात, दोन्हीकडं, पांढरे बारीक ठिपके. मूठभर वाळू कुणी उडवावी आणि ती हवेतच थांबावी, तसे. मोजायची गरज नव्हती. याला औषध नाही, हे तिला माहीत होतं. वाळू सोडली तर ठिपके तिथंच थांबू शकतात. नाही सोडली तर ते एकमेकांना चिकटतात, फुफ्फुसाचं चामडं होतं, आणि मग माणूस बसल्या जागी धापा टाकतो.

"चालतीय काय नळी?" दादानं विचारलं.

"चालतीय," ती म्हणाली आणि स्क्रीन बंद केली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. रोज सकाळी ठरवायची, आज सांगतो. दादा भाकरी मोडता मोडता काहीतरी चेष्टा करायचा आणि ती भाजीचं भांडं पुढं सरकवायची. एकदा हिय्या करून म्हणाली, "दादा, सोड की आता फौंड्री."

"आणि करू काय? तुझ्यागत कापूर जाळत बसू?" तो हसला. हसता हसता खोकला आला, मग तो पाणी प्यायला उठला. "पोरीचं डिप्लोमाचं शेवटचं वरीस हाय. एकदा तिचं मार्गी लागू दे, मग बघू."

सांगितलं तर तो आजच सोडणार नाही, उलट रात्रंदिवस धसका घेऊन वाळूत उभा राहणार. मालकाला कळलं तर तो उद्याच रस्त्यावर. इकडं आड, तिकडं विहीर. हेमांगीनं घरात स्वयंपाकघर ते अंगण, अंगण ते स्वयंपाकघर अशा इतक्या फेऱ्या मारल्या की आई ओरडली, "अगं बस की बया, भोवळ आली मला!"

शेवटी तिनं एक गोष्ट ठरवली. गेटवरच्या दिव्यात तिनं चुन्याची नळी काढून जुनी, साधी नळी बसवली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. साध्या नळीतून इतके थोडे इलेक्ट्रॉन निघतात की पडद्यावर नुसतं धुकं येतं. दिवा फसेल, ऑर्डर जाईल, करार होतील, दादा वाचेल. सन्मतीला कळणारसुद्धा नाही. चांगली नळी तिनं ओढणीत गुंडाळून पर्समध्ये ठेवली. का ठेवली, कपाटात का नाही ठेवली, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

*

गेटवर मोठा फ्लेक्स लागला होता. 'कामगार आरोग्य सप्ताह', आणि खाली हात जोडलेले धैर्यशीलराव. येणाऱ्याला चहा आणि केळी. पहिल्या पाळीची माणसं रांगेत उभी होती, गळ्यात पंचे, पायात वाळूनं भरलेले बूट. फुकटात फोटो निघणार म्हणून काही जण भांग पाडून आले होते. खरं काय चाललंय ते कुणाला ठाऊक नव्हतं.

रांगेत दादा पहिला. "माझ्या भणीचा दिवा, मग पहिला मान माझा!"

तो उभा राहिला, त्यानं श्वास धरला. स्क्रीनवर धुकं आलं.

सन्मतीनं वायरी तपासल्या, बॅटरी तपासली, पुन्हा धुकं. त्याच्या कपाळावर घाम आला. तीन माणसं झाली, चार झाली, सगळ्यांच्या छातीत तेच धुकं. धैर्यशीलरावांनी घड्याळ बघितलं.

"मगदूम साहेब, कास्टिंगमध्ये तर केसाएवढी भेग दिसते. माणसात का दिसेना?"

"कळत नाही, साहेब. हेमांगी, तू बघ ना!"

"बघते," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

"राहू द्या. पाळीचा खोळंबा होतोय. चला रे, आत!"

झालं. जमलं. रांग मोडली आणि माणसं आत निघाली. दादानं एक केळं उचललं, तिच्याकडं बघून डोळा मारला. "होतंय गं हेमे, मशीनच हाय ती. पुढच्या टायमाला." मग त्यानं पंचा नाकातोंडावर ओढून घेतला आणि आत चालायला लागला. आत रात्रपाळीचं साचे फोडायचं काम चालू होतं. दारातून धुळीचा लोट बाहेर येत होता आणि दादा सरळ त्या लोटात शिरत होता, रोजच्यासारखा, केळं सोलत.

मी याची नोकरी वाचवली, हेमांगीच्या मनात आलं, आणि छाती विकली. त्याला न विचारता.

"दादा!"

इतकी मोठी हाक तिनं जन्मात मारली नव्हती. दादा थांबला, आणि सगळी पाळीही थांबली. ती पळतच गेली.

"दादा, दिवा बिघडला नाही. मी नळी बदलली."

"कशापायी?"

"तुझ्यापायी. ज्याच्या छातीत डाग, त्याला करारातून काढणार आहेत. म्हणून हे सगळं. आणि तुझ्या..." तिनं त्याच्या छातीकडं बोट केलं. "मी बघितलंय, दादा. त्या रविवारी. नळीचं नुसतं निमित्त होतं."

दादानं पंचा तोंडावरून खाली घेतला. त्याला दोन गोष्टी एकदम कळत होत्या आणि त्यातली कुठली मोठी, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"तवापास्नं तुला ठावं हाय?"

"हो."

"रोज माझ्यासंगं जेवायला बसत हुतीस."

"हो."

"मालकानं निदान रांगंत तरी उभं केलं, हेमे. तू तर न सांगताच बघून घेतलंस."

त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. हेमांगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. "चुकलो, दादा," एवढंच ती म्हणाली, घरच्यासारखं.

दादानं हातातलं अर्धं सोललेलं केळं बाजूच्या पोराच्या हातात दिलं. "चांगली नळी कुठं हाय?"

"पर्समध्ये."

"बसव."

"अरे, मालक बघेल..."

"त्याला बघू दे, न्हाईतर न बघू दे. आधी मी बघणार. छाती माझी हाय का न्हाई?"

तो जाऊन दिव्यासमोर उभा राहिला. हेमांगीनं नळी बसवली. मग तिनं एक काम केलं, स्क्रीनची मान धरून ती पूर्ण फिरवली. स्क्रीनचं तोंड दादाकडं, पाठ फ्लेक्सकडं.

धैर्यशीलराव पुढं आले. आवाज तसाच मऊ. "मॅडम, स्क्रीन इकडं घ्या. दिव्यासाठी आम्ही ऑर्डर दिलीय."

"दिवा न्या की साहेब, आत्ता न्या. छाती त्याची आहे. ती ऑर्डरमध्ये नाही."

"मगदूम साहेब, तुमच्या ऑर्डरचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

सन्मतीनं दोन्ही हात डोक्याला लावले. त्याच्या डोळ्यांपुढं ते शंभर दिवे असणार, शंभर गावं असणार. तो हेमांगीकडं बघून म्हणाला, "गेली बघ ऑर्डर. घालवलीस." आणि मग खाली वाकून, मालकाच्या ऑफिसकडं चित्र पाठवणारी वायर त्यानं उपटून काढली आणि रागारागानं खिशात कोंबली.

"दादा, श्वास धर," हेमांगी म्हणाली.

या वेळी धुकं आलं नाही. दादा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या आत बघत होता. मागं रांग पुन्हा जमली होती.

"ही बरगडी?"

"हो."

"आणि हे बारीक पांढरं पांढरं?"

"वाळू, दादा."

"सगळी?"

"सगळी."

त्यानं बोट स्क्रीनजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "साचा फोडल्यावर आपण झाडून घेतो आन् म्हणतो, झालं साफ," तो कुणाला तरी म्हणाला, बहुतेक स्वतःलाच. मग हेमांगीकडं वळला. "आता सोडली तर?"

"आता सोडलीस तर हे एवढ्यावर थांबू शकतं. नक्की सांगत नाही. पण थांबू शकतं. पोरीच्या लग्नात मांडवभर पळशील."

"आन् न्हाई सोडली तर?"

तिनं स्क्रीनवर बोट फुफ्फुसाच्या वरच्या भागापासून पार तळापर्यंत नेलं.

"ह्याचा कागद दे मला. माझ्या नावाचा, आजच्या तारखेचा," दादा म्हणाला. "अजून मी पटावर हाय. आज हाय तवर भरपाईचा अर्ज माझ्या हातानं टाकतो. मिळंल न मिळंल. पण आधी मला कळलं, मग त्यांना, एवढं तरी खरं."

मागून एक पोरसवदा मोल्डर पुढं सरकला. त्यानं भांग पाडला होता आणि त्याच्या गालाला काळं लागलं होतं. "ताई, माझं बी बघा. पर आधी मला दावा."

"मला बी," त्याच्या मागचा म्हणाला. रांग पुन्हा सरळ झाली. धैर्यशीलराव फोन कानाला लावून ऑफिसकडं गेले. भोंगा वाजला, पण आत कुणी गेलं नाही.

दादानं गळ्यातला पंचा काढला. एकदा झटकला, धूळ उडाली, आणि तो दोन पावलं मागं सरला. मग पंच्याची घडी घालून त्यानं ती हेमांगीच्या हातात दिली. तो अजून तिच्याकडं नीट बघत नव्हता. राग गेला नव्हता, आणि लवकर जाणारही नव्हता, हे तिला दिसत होतं.

"मी घरी येतो तुझ्यासंगं," ती म्हणाली. "आईला, वहिनीला सांगायला."

"तू हितं थांब. ह्यांचं बघून झाल्याबिगर हलू नगंस." त्यानं चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधली, वाळूनं भरलेले बूट काढून गेटपाशी ठेवले. "आन् घरी कुणाला काय सांगू नगंस, हेमे. माझं मी सांगतो."